पूजेला बसवलेला पहारेकरी

दिनांक १ ऑक्टोबर २०२५, आयुधपूजेचा दिवस. म्हैसूरहून कृष्णराजनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका दूध-भुकटीच्या कारखान्यात त्या दुपारी काम अडले, आणि अहवालात त्याचे कारण एकाच शब्दात नोंदवले गेले: ‘कुंकू’. कारण खोटे नाही, अर्धे आहे. या अर्ध्या कारणापायी एका माणसाची खुर्ची जाऊ घातली आहे, म्हणून उरलेले अर्धे येथे नोंदवणे भाग आहे.

खुर्ची मालोजीराव शितोळे यांची. नियंत्रण कक्षाच्या दाराशी एक टेबल, टेबलावर एक संगणक आणि त्यामागे मिशीला पीळ दिलेले मालोजीराव. दोन वर्षांपूर्वी कोणा रसिकाने सिनेमाची गाणी ऐकण्यासाठी आतल्या संगणकाला पेन ड्राइव्ह लावला होता. गाण्यांबरोबर व्हायरसही आत शिरला, दूध वाळवणाऱ्या ड्रायरचे तापमान हाताबाहेर गेले आणि कारखानाभर करपलेल्या बासुंदीचा वास कोंदला. तेव्हापासून नियम झाला, की बाहेरचा पेन ड्राइव्ह आधी दारावरच्या संगणकात तपासायचा. निर्दोष ठरला तरच तो आत. आतल्या यंत्रांच्या यूएसबी खाचांना कुलपे बसली. किल्ली मालोजीरावांनी करगोट्याला बांधली. ती मागताना वरिष्ठांनाही संकोच वाटावा, हा त्यामागचा विचार.

लोक त्यांना ‘चेकपोस्ट’ म्हणत. व्यवस्थापक नरसिंहमूर्ती तर तोंडावर सांगत, “मालोजीराव, तुमच्यापुढं रांग लागते हो. दसरा झाला की टेबल काढू. तुम्ही पॅकिंगला बसा, आरामात.” ज्यांच्या खापरपणजोबांनी राजवाड्याच्या दारावर भाला धरला, त्यांना हा आराम भातातल्या खड्यासारखा लागे.

शितोळ्यांची रीत अशी, की नवमीला शस्त्र पुजायचे आणि दशमीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मालोजीरावांनी ती तपासणीच्या संगणकाला लागू केली. चंदन, सढळ हाताने कुंकू, शेवंतीची माळ, पुढ्यात कोहळा; आणि बटण बंद. दूध मात्र सणवार पाळत नाही. आतली यंत्रे चालूच होती.

दुपारी बंगळूरहून श्रीहर्ष हा तरुण अभियंता आला. ड्रायरचा सुधारित प्रोग्रॅम त्याच्या पेन ड्राइव्हवर होता.

“उद्या या, अप्पा,” मालोजीराव म्हणाले. “आज यंत्र पूजेत आहे.”

“संध्याकाळी परत जायचंय मला, सर.”

नरसिंहमूर्ती बाहेर आले. “मग आतलं कुलूप काढा. किल्ली द्या.”

“तपासल्याशिवाय नाही, सर.”

“सरी, बरं, तपासा मग.”

“पूजेतल्या आयुधाला हात लावत नाहीत.”

“अय्यो! उघडणार पण नाही, तपासणार पण नाही. मग इथं कशाला बसलाय हो? कोहळा राखायला?”

मालोजीरावांनी व्हरांड्यात जाऊन बोगादीला, घरी फोन लावला. रुक्मिणीबाई स्कूटरची पूजा करत होत्या. नवऱ्याचे सगळे गाऱ्हाणे त्यांनी ऐकून घेतले.

“अहो, तुमचे ते भालेवाले खापरपणजोबा नवमीला दार सोडून घरी येत होते काय?”

“छे. उभेच असायचे. पुरोहित येऊन हातातल्या भाल्यालाच कुंकू लावून जायचा.”

“मग? तुम्ही कशाला झोपवलंय त्या मशीनला? ठेवते आता, चाकाखाली लिंबू ठेवलंय, गाडी काढायचीय.”

मालोजीराव परतले. संगणकाला नमस्कार करून त्यांनी माळ उतरवली, बटण दाबले. यंत्र जागे झाले. पेन ड्राइव्ह मात्र आत जाईना. सढळ हाताचे कुंकू आणि चंदन खाचेत उतरून गिलाव्यासारखे वाळले होते. त्यांनी संगणक पुन्हा बंद केला, चष्मा कपाळावर चढवला आणि दात कोरायच्या काडीने खाच कोरायला घेतली. चहाचे पेले घेऊन पाळीवरचे सगळे कामगार बघायला जमले.

“नैवेद्य जरा जास्तच आत गेला, अल्लवा, हो ना?” मागून कोणी म्हणाले.

“मालोजीराव, दाढेत सिमेंट भरून द्या त्याच्या,” दुसऱ्याने सुचवले.

अखेर पेन ड्राइव्ह बसला, तपासणी सुरू झाली आणि पडदा लाल झाला. व्हायरस ओळखीचा होता, बासुंदीवालाच.

श्रीहर्षचा आवाज खाली गेला. “बहिणीनं, मधुमितानं, लग्नाचे फोटो छापायला पिरियापट्टणच्या दुकानात नेला होता...”

नरसिंहमूर्तींनी चहा खाली ठेवला. किल्ली कोणी मागितली होती, हे सगळ्यांनाच आठवत होते.

“तरी,” शेवटी ते म्हणाले, “कुंकू तिथं लावायला नको होतं.”

स्वच्छ प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर मागवली गेली, ती तपासून आत गेली आणि ड्रायर सुरळीत चालला. नरसिंहमूर्तींनी लिहिलेल्या अहवालात व्हायरस आला असता, तर पाठोपाठ किल्लीची मागणीही आली असती; म्हणून तेथे फक्त कुंकू आले. त्याच अहवालाच्या आधारे दिवाळीनंतर टेबल काढण्याचा विचार चालू आहे. मालोजीराव आपली चूक नाकारत नाहीत. आता ते कुंकू टेबलाच्या पायाला लावतात.

वाचकहो, मागणी साधी आहे. तुमच्या कारखान्यात बाहेरचा पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय आत जाऊ देऊ नका. आणि जो माणूस तो दारात अडवतो, त्याला दारातून उठवू नका.