पाटकऱ्याचा चर

कळंबच्या खालच्या अंगाला कालव्याची जी शेवटची चारी जाते, तिच्यावर सावळाराम पाटकरी होता. पाटाची दारं उघडायची आणि लावायची, हे त्याचं काम. कुणाच्या रानात किती वेळ पाणी खेळायचं ते त्याच्या हातात. असा माणूस गावात एकतर शिव्या खातो, नाहीतर मान. सावळारामला मान मिळाला, कारण त्याचा हात सढळ होता.

तो सढळपणा त्याला बहात्तरच्या दुष्काळानं शिकवला. त्या साली तो नोकरीत नवा होता. विहिरीच्या तळाशी बसून वाटीनं पाणी भरणाऱ्या बाया त्यानं पाहिल्या. त्याच्या बापाच्या दावणीचे दोन्ही बैल चाऱ्यावाचून गेले. पुढं कालव्याला पाणी आलं, आणि खांद्यावर फावडं टाकून कुणी चारीवर उभा राहिला की सावळारामला वेळेवर दार लावणं जमेना. "असू द्या अजून घटकाभर," असं म्हणून तो तंबाखू मळत बसायचा. शेतकऱ्यांच्या पोटातही तीच भीती होती. पावसाचं काही खरं नाही. आज पाणी आहे तर रानाला पोटभर पाजून घ्या. बघता बघता सगळ्या शिवारात ऊस झाला आणि उसाच्या बुडात बारमाही पाणी उभं राहिलं.

सावळारामच्या दोन एकरांच्या वरच्या अंगाला सोनबाचं चार एकर रान होतं, बशीसारखं खोलगट. सोनबाचं घर मेंढरांचं. त्याच्या बापाचा मेंढरांचा वाडा गावाजवळ आला की लोक धान्य देऊन मेंढरं रानात बसवून घ्यायचे. सावळारामच्या बापानंही कैक वर्षं बसवली. लेंड्या पडलेल्या त्या रानात हात घातला तर माती बोटांतून रव्यासारखी गळायची, आणि बाजरीची कणसं हातभर यायची.

पण बारमाही ऊस आल्यावर मोकळं रान कुणाकडं राहिलं? मेंढरं बसवायची कुठं आणि चारायची कुठं? सोनबा अडला होता. तेव्हा सावळारामनंच त्याला चारीवर बसवून सांगितलं, "सोनबा, किती दिस मेंढरांमागं पाय झिजवनार? ईक ती. ऊस लाव. पानी मी देतो."

सोनबानं मेंढरं विकली. त्याच्या बायकोनं, सिंधुबाईनं, शेवटची मेंढी जाताना तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि दिवसभर चूल पेटवली नाही. मग ऊस लागला. पहिली सात-आठ वर्षं उसाच्या कांड्या मनगटाएवढ्या झाल्या. सिंधुबाई भेटेल त्याला सांगायची, "सावळारामतात्यांनी आमाला मार्गाला लावलं."

एक्क्याण्णव साली, फाल्गुनात, सकाळच्या उन्हात सावळाराम चारीचं दार साफ करत होता. सिंधुबाई आली ती पदराची खोळ करून. तिनं खोळ त्याच्यापुढं धरली. आत माती होती, वर पीठ भुरभुरावं तशी पांढरी.

"तात्या, जरा चाखून बगा."

सावळारामनं चिमूट जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकला.

"कुठनं आनली ही?"

"आमच्या रानातनं. दोन वर्सं झाली, खोडव्याचा ऊस पिवळा पडतोय. आवंदा निम्मं रान उगवलंच न्हाय. ह्यांनी खत टाकलं, औषध टाकलं. काल मी हातानं उकरलं, तर हे." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमीच म्हनला व्हता, पानी मी देतो. दिलंत. आता ते परत न्या."

ती माती तिथंच झटकून निघून गेली. सावळाराम दुपारपर्यंत दारापाशी बसून होता. मग फावडं घेऊन सोनबाच्या रानात गेला आणि मधोमध खणायला लागला. दीड हातावर पाणी लागलं. कालव्यात त्या वेळी पाण्याचा थेंब नव्हता. वरच्या रानांतलं, वीस वर्षं त्यानं घटका घटका करून जादा सोडलेलं पाणी मातीखालून सरकत इथं येऊन मुक्कामाला बसलं होतं. ऊन ते वर ओढत होतं, आणि पाणी उडून गेलं की मीठ मागं राहत होतं.

शेतीखात्याचा एक तरुण साहेब माती पिशवीत भरून घेऊन गेला. महिन्यानं येऊन त्यानं सांगितलं, की वरच्यांनी पाणी कमी घेतलं पाहिजे, आणि खोलगट रानातून ओढ्यापर्यंत पुरुषभर खोल चर काढून पाण्याचा निचरा केला पाहिजे. त्यावर दोन-तीन वर्षं शेणखत आणि धैंच्याचं हिरवं पीक गाडलं, आणि पावसानं मीठ धुऊन नेलं, तर रान माघारी येईल. "पावसानं साथ दिली तर," असं तो दोनदा म्हणाला.

सावळारामनं वरच्या शेतकऱ्यांना देवळापुढं गोळा केलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी. मग अप्पा बोलले. त्यांचं रान चारीच्या तोंडाशी होतं आणि त्यांचा शब्द चालायचा.

"सावळाराम, मागल्या साली रोहिनी कोरडी गेली, मिरग कोरडा गेला. पाऊस आला तो ऊस लोळवायला. असल्या पावसाच्या जिवावर आमी पाळी कमी करायची? आनि बहात्तर परत आलं तर तू येनार हाईस का आमच्या दारात धान्य घेऊन?"

 वीस वर्षं सावळाराम स्वतः हेच म्हणत आला होता.

पुढच्या आवर्तनापासून मात्र तो वेळेवर दार लावायला लागला. लोकांना आधी चेष्टा वाटली, मग राग आला. ज्या माणसाला आंब्याची पहिली पाटी घरपोच यायची, त्याला लोक रामराम घालीनासे झाले. वर अर्ज गेला आणि त्याची बदली कालव्याच्या दुसऱ्या फाट्यावर झाली. नवा पाटकरी आला आणि पाणी पुन्हा पहिल्यासारखं वाहू लागलं.

चौऱ्याण्णव साली सावळाराम निवृत्त झाला. दुसऱ्याच आठवड्यात तो कुदळ घेऊन स्वतःच्या रानात उतरला. सोनबाच्या रानातलं पाणी ओढ्याला न्यायचं तर वाटेत आधी त्याचे दोन एकर लागत होते आणि मग गेणबाचं रान. त्याचा ऊस तेव्हा छातीला लागत होता. तो तोडून त्यानं मधोमध चर आखला.

ठमाबाई, त्याची बायको, बांधावर येऊन उभी राहिली. "अवं, त्येंचं रान गेलं म्हनून आपल्या रानाचं पोट फाडायचं?"

"माझ्या हातानं गेलंय, ठमे."

"आनि हे कुनाच्या हातानं चाललंय?"

त्यानं पुढची कुदळ मारली. चार दिवस ठमाबाईनं भाकरी धाडली नाही. पाचव्या दिवशी स्वतःच घेऊन आली, बांधावर ठेवली आणि मागं न बघता गेली.

सोनबाही खाली उतरला. साठीला आलेले दोघं दोन हिवाळे खणत होते. काळी माती वाळली की दगडासारखी, भिजली की चिखलासारखी. कडा ढासळायच्या आणि कालचं काम आज पुन्हा करावं लागायचं. सोनबाला दम लागायचा. खणता खणता तो कधी बापाच्या वाड्याचं सांगायचा, कुठल्या घाटात कोणती मेंढी व्यायली ते. सावळाराम ऐकायचा. पाण्याचा विषय दोघंही काढायचे नाहीत.

चर गेणबाच्या बांधाला येऊन टेकला. गेणबा पस्तिशीचा, कष्टाळू माणूस. तो बांधावर आडवा उभा राहिला.

"तात्या, हितनं फुडं न्हाय. ते खारं पानी माझ्या उसाच्या कडंनं जानार. झिरपलं तर?"

"झिरपनार न्हाय गेणबा. खोल हाय चर."

"आजवर पानी कुठं जातंय ते तरी तुमाला ठावं व्हतं का?"

सावळारामनं डोक्याचा पटका काढला आणि गेणबाच्या पायाशी ठेवला. गेणबा दोन पावलं मागं सरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यानं पटका उचलून सावळारामच्या हातात दिला आणि मान हलवली. "लेकरंबाळं हायती मला, तात्या."

चर तिथंच राहिला, बिनतोंडाचा.

पुढच्या साली पावसाळा असा झालाच नाही आणि परतीचा पाऊस मात्र सहा दिवस कोसळला. बिनतोंडाचा चर तुडुंब भरला आणि पाणी उलटं सोनबाच्या रानात चढलं. महिनाभर रान तळ्यासारखं होतं. सोनबानं बऱ्या तुकड्यात बाजरी पेरली होती, ती उभी कुजली. बांधावरच्या बाभळीदेखील वाळल्या. पाणी ओसरलं तेव्हा सगळं रान एका रंगाचं झालं होतं.

सोनबा बांधावर बसला होता. सावळाराम शेजारी जाऊन टेकला.

"तात्या, आता पुरं," सोनबा म्हणाला. "तुमीबी थकला, मीबी थकलो."

संक्रांतीच्या आधी सोनबा आणि सिंधुबाई बारामतीला गेली. त्यांचा मुलगा यशराज तिथं एका कारखान्यात कामाला होता. सोनबाला एका गोदामावर राखणीचं काम मिळालं. सावळारामनं त्याला भेटायला जायचं पुष्कळदा ठरवलं आणि दर वेळी टाळलं. वर्षभरानं सोनबा छातीच्या दुखण्यानं गेला. ते सावळारामला कळलं तेव्हा दहावासुद्धा होऊन गेला होता.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात गेणबा सावळारामच्या अंगणात आला. हातात मातीचं ढेकूळ होतं. त्यानं ते दाखवलं नाही, नुसतं मुठीत धरून उभा राहिला.

"तात्या, चर माझ्यातनं न्या."

सावळारामला आनंद झाला नाही. त्यानं कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि गेणबाबरोबर चालू लागला. गेणबानं गडी लावले आणि राहिलेला चर वीस दिवसांत ओढ्याला मिळाला. बांध फुटला तसं पिवळसर पाणी हळूहळू सरकत निघालं. बघायला ते दोघं आणि चार गडी, एवढेच होते.

दुसऱ्या दिवशी सावळाराम एसटीनं बारामतीला गेला. दोन खोल्यांच्या घरात सिंधुबाई तांदूळ निवडत होती. त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, हात थांबला नाही.

"रान सुधारंल सिंधुबाई. धैंचा पेरतो, गाडतो. तीन वर्सं धरा."

"कुनासाठी, तात्या? ह्ये गेले. यशराजला मातीतलं काय कळतंय? आनि कळावं असं मलाबी आता वाटत न्हाय."

"मग मी पेरू का?"

"पेरा. पन मला बघायला बोलवू नगा."

त्यानं पेरलं. पहिल्या साली धैंचा कुठं गुडघ्याएवढा झाला, कुठं उगवलाच नाही. जेवढा आला तेवढा त्यानं गाडला. मग पाऊस पंचेचाळीस दिवस गायब झाला, आणि थोडं धुतलेलं मीठ पुन्हा वर आलं. दुसऱ्या साली त्यानं परत पेरलं. चरात पाणकणीस माजायचं, ते तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहून उपटायचा. वरच्या रानांत ऊस होता, पाणी होतं, आणि अप्पांच्या खालच्या तुकड्यावरही आता पांढरी झाक दिसायला लागली होती. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर सोनबाच्या रानातल्या पाव एकरात बाजरी आली. कणसं बोटभर, निम्मी पोकळ. झोडून दोन पायल्या निघाल्या. सावळारामनं त्या धडप्यात बांधल्या आणि बारामतीला नेऊन सिंधुबाईपुढं ठेवल्या.

तिनं गाठ सोडली, बाजरी सुपात घेऊन पाखडली आणि नातवाबरोबर गिरणीत धाडली. दळण आल्यावर तिनं त्याच पिठाची भाकरी थापली, वर लसणाची चटणी ठेवली आणि ताट सावळारामपुढं सरकवलं. तो जेवेपर्यंत ती समोर बसून होती. मग उठली, दुसऱ्या डब्यातलं ज्वारीचं पीठ काढलं आणि स्वतःसाठी वेगळी भाकरी करायला बसली.