मढची रविवारची खोली

मढच्या कोळीवाड्यात सखुबाईच्या घराला एक खोली जास्त होती. त्या काळच्या मुंबईत ही गोष्ट फार दिवस लपून राहणारी नव्हती.

खोली मुलासाठी बांधलेली. नवरा हरेश्वर काविळीने गेला, त्याच्या आदल्या वर्षी त्याने पडवीला लागून चार भिंती उभ्या केल्या होत्या. बळवंतचं लग्न झालं की उपयोगी पडतील, हा विचार. बळवंत तेव्हा चौदा वर्षांचा. मग खोलीत जाळी, रिकाम्या टोपल्या आणि एक लोखंडी खाट पडून राहिली.

१९६६ सालच्या एका रविवारी वेसाव्याच्या होडीतून एक जोडपं उतरलं आणि सकाळभर खडकावर बसून राहिलं. ऊन चढलं तशी बाई पाणी मागायला आली. सखुबाई अंगणात बोंबील वाळत घालत होती.

"देवीला आलाव?"

"हो."

"देऊळ तिकडं हाय. हितं खडकावर कनचा देव बसलाय?"

बाईला हसू आलं नाही. डोळे मात्र भरले. तिचं नाव वनमाला. नवरा धाकू विक्रोळीच्या कारखान्यात फिटर. भांडुपच्या चाळीत एक खोली, आणि त्या खोलीत नऊ माणसं. लग्नाला दीड वर्ष झालेलं. पाळणा कधी हलणार म्हणून सासू उठता-बसता विचारायची, आणि अंथरुणं पडली की स्वतः दोघांच्या मधे झोपायची. देवीला नवस बोललाय असं घरी सांगून दोघं रविवारी बाहेर पडायची आणि जागा शोधत हिंडायची.

हे ऐकून सखुबाईने खोलीतली जाळी बाहेर आणून टाकली.

पुढच्या महिन्यात धाकूच्या खात्यातला एक जण बायकोला घेऊन आला, मग साकीनाक्याच्या वर्कशॉपमधले दोघे. सखुबाईने भाडं कधी घेतलं नाही. जेवण घालायची, त्याचे पैसे घ्यायची. नियम दोनच. पाचच्या होडीला परत निघायचं. आणि आत जाण्याआधी बाईने उंबऱ्याबाहेर उभं राहून उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं.

तिला वाचता येत नव्हतं. लग्नाचे दाखले तिच्या काय कामाचे? मंगळसूत्र तर बाजारात मिळतं. पण तिचा एक हिशेब होता. लगीन झालेलीला नाव घेताना लाज वाटते, न झालेलीला भीती वाटते, आणि दोन्ही तोंडावर वेगळी दिसतात. वनमालाने पहिल्या दिवशी पदर बोटाला गुंडाळत म्हटलं होतं :

"भांडुपच्या डोंगरावर करवंदाची जाळी,
धाकूरावांचं नाव घेते दुपारच्या वेळी."

सहा वर्षांत सखुबाईने चार जोडप्यांना उंबऱ्यावरून परत पाठवलं. एकीला तर पाणी पाजून होडीपर्यंत सोडायला गेली आणि वाटेत सांगितलं, "बाय, त्याला आधी तुझ्या बापासमोर उभा कर. मंग माझ्या दारात आण." कोळीवाड्यात कुजबुज होती, पण पाटलांच्या घरच्या बायकांनी ओट्यावर बसून यातले काही उखाणे ऐकले होते. त्यामुळे कोणी तोंडावर बोलत नव्हतं.

१९७२च्या डिसेंबरात धाकूने एक जपानी पुरुष आणि एक जपानी बाई आणली. धाकू आता साकीनाक्याच्या नव्या कारखान्यात होता. तिथे यंत्रं बसवायला आलेला हा केंजी साहेब कंपनीच्या गेस्टहाउसात आणखी तिघांबरोबर राहायचा.

"मावशी, बायको आलीय त्याची, पण तिकडे बायकांना ठेवत नाहीत. एक दिवस बघ ना."

"त्यांना कशाला माझी झोपडी? हॉटेलं थोडी हायत?"

"हॉटेलात पासपोर्ट, फॉर्म, पोलिसात कळवायचं. लाजतो तो. त्याच्या देशात म्हणे जोडप्यांसाठी वेगळी हॉटेलंच असतात. तास-दोन तास जायचं. परदेशी असो, गावचा असो, नाव-गाव काही विचारत नाहीत. खिडकी एवढीशी, आतून फक्त हात येतो आणि किल्ली देतो. देणाऱ्याने तोंड बघायचं नाही, घेणाऱ्याने दाखवायचं नाही."

"मंग नवरा-बायको हायत का नाय, कळतं कसं?"

"कळायची गरजच नाही म्हणतो."

सखुबाईला हे विचित्र वाटलं. तोंड न बघता घरात घ्यायचं म्हणजे काय? तिने धाकूला सांगितलं, बाईला नाव घ्यायला सांग. धाकूने मोडक्या इंग्रजीत साहेबाला सांगितलं, साहेबाने त्यांच्या भाषेत बाईला. बाईने तोंडावर हात धरला. कानांपर्यंत लाल झाली. मग खाली बघून दोन ओळी म्हणाली. त्यात केंजी हे नाव स्पष्ट ऐकू आलं.

"बायकोच हाय," सखुबाई म्हणाली आणि बाजूला झाली.

गोरे-पिवळे पाहुणे सखूकडे आले, ही बातमी लपणारी नव्हती. आठवड्याभरात पोलिस ठाण्याचा हवालदार चौकशीला आला आणि कंपनीत कागद बघून पाटलांना सांगून गेला. ती बाई साहेबाची बायको नव्हती. कंपनीच्या कचेरीत टाइप करणारी होती. बायको जपानात होती.

धाकू दुसऱ्या रविवारी एकटाच आला आणि अंगणात मान खाली घालून उभा राहिला.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं, मावशी. साहेबाला नाही म्हणवलं नाही. खरं सांगितलं असतं तर तू दार उघडलं नसतंस."

"नसतंच उघडलं," एवढंच ती म्हणाली.

न्यायासाठी कोळीवाड्याची जमात बसली. जमातीचा प्रमुख अनंता पाटील आवाज चढवणारा माणूस नव्हता.

"सखू, एकदा चूक झाली असं आम्ही धरू. पण आधीची माणसं कोण होती ते कळायला हवं. तू उखाणे ऐकलेस, जेवू घातलंस, म्हणजे नावं-पत्ते तुला पाठ आहेत. ती सांग. आपली दोन माणसं त्यांच्या घरी जाऊन विचारून येतील. खरी निघाली तर तुझ्यावर बोट नाही."

नावं तिला खरंच पाठ होती. ऐंशीच्या वर असतील. डोळे मिटले की एकेक ओळ तिला जशीच्या तशी ऐकू यायची. पण तिला चाळीतलं दारही दिसत होतं. दारात मढची दोन माणसं, समोर सासू, मागे शेजारणी, आणि विचारणा : तुमचा मुलगा रविवारी बायकोला घेऊन मढला येतो का?

"नावं देणार नाय."

"मग खोटी होती असं समजायचं?"

"तुमाला समजायचं ते समजा. ती माझ्या उंबऱ्यावर बोलली. चावडीवर बोलायला नाय आली."

निकाल लागला. खोली बंद, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत घर वाळीत. बळवंत पाटलांच्याच होडीवर खलाशी होता. दुसऱ्या दिवशी त्याला किनाऱ्यावरून परत पाठवलं.

"ऐंशी घरं वाचवलीस, आणि आपलं एक?" त्याने विचारलं. "कोण लागतात ती तुझी?"

तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. तो न जेवता उठला आणि साकीनाक्याला काम शोधायला गेला.

जानेवारी सरताना वनमाला आली. कडेवर दोन वर्षांची मुलगी, सोबत धाकू नाही. सखुबाई काही विचारायच्या आत ती तडक पाटलांच्या अंगणात गेली; सखुबाई तिच्या मागोमाग. बायका होत्या, पुरुषही होते. तिने आपलं नाव सांगितलं, चाळीचं, खोलीचा नंबरही. सहा वर्षं आम्ही कशाला येत होतो तेही सांगितलं, शब्द न चोरता. त्या जपान्यांना माझ्या नवऱ्याने आणलं, सखूमावशीला फसवलं, हेही सांगितलं.

"चला माझ्या घरी, विचारा. मी सासूबाईंना सगळं सांगून आलेय."

"एकीच्या बोलण्याने बाकीच्यांचं ठरत नाही, बाई," अनंता पाटील म्हणाला. "खोली बंदच राहील. पण बळवंतला उद्यापासून होडीवर यायला सांग, सखू. बहिष्कारही उठला."

दोघी धक्क्यापर्यंत चालत आल्या. पाचची होडी लागत होती. सखुबाईने मुलीला आपल्या कडेवर घेतलं.

"सासू काय बोलली गं?"

वनमालाने होडीच्या पैशांसाठी पदराची गाठ सोडली.

"रडल्या. म्हणाल्या, मला आधी सांगायचं होतंत. दर रविवारी तुम्हा दोघांना घरी ठेवून बाकी सगळ्यांना घेऊन मीच देवळात जाऊन बसले असते."