पाच घरचं पीठ

गणपती विसर्जन होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच आमच्या कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली. सातारा जिल्ह्यातल्याच खंडाळ्याच्या बाजूला असलेल्या त्या कारखान्यात मी सोळा वर्षं स्टोअर सांभाळत होतो. सकाळी साताऱ्याहून कंपनीच्या बसने जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं, एवढंच माझं जग होतं. मालकांनी काम दुसरीकडे हलवलं आणि आम्हाला घरी बसवलं. मी काही फार भाविक माणूस नाही, पण रोज आंघोळीनंतर देवघरासमोर हात जोडायचो. त्या दिवसापासून तेही बंद केलं. मी रुसलो होतो म्हणा ना! चाळिशी उलटलेला माणूस देवावर रुसतो हे आता लिहितानाही हसू येतं, पण तेव्हा आलं नव्हतं.

घरात आम्ही तिघं होतो, आई, बायको शोभा आणि मी. आईची फुप्फुसं गेल्या तीन वर्षांत फार अधू झाली आहेत. दिवसातले बरेच तास तिला ऑक्सिजनचं मशीन लागतं. ते विजेवर चालतं, त्यामुळे आमचं बिल शेजारच्यांपेक्षा जास्तच येतं. नोकरी गेल्यावर किराणा आणि औषधं कशीबशी निभावली, वीजबिल मात्र थकत गेलं. मार्गशीर्ष लागला तेव्हा वीज तोडण्याची नोटीस हातात आली होती. ती वाचताना पलीकडच्या खोलीतून मशीनची घरघर ऐकू येत होती. मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती.

मदतीचा मार्ग नव्हता असं नाही. आमच्या पगारातून दरमहा कामगार विम्याचा हप्ता कापला जायचा, आणि नोकरी गेली तर त्यातून काही महिने घरखर्चाला पैसे मिळतात. बरोबरच्या एकाने त्या अर्जाचा कागद मला घरी आणून दिला होता. मी तो देवघरात, देवांखालच्या लाल कापडाच्या घडीत सरकवून ठेवला. मालकाच्या सहीशिवाय अर्ज चालत नाही आणि मालक तर पसार, असं मी शोभाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. सोळा वर्षं मी लोकांना सामान मोजून देत आलो. स्टोअरच्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी असायचो, बाहेर हात पुढे करून दुसरे उभे असायचे. आता आपण खिडकीबाहेर उभं राहायचं ही कल्पनाच सोसत नव्हती. वीजबिलाचे हप्ते पाडून मागावेत असं शोभा दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मी तिच्यावर खेकसलो. आईला तर नोकरी गेल्याचं सांगितलंच नव्हतं. कारखान्यात दुरुस्ती चालू आहे, म्हणून घरी आहे, असं तिला भासवत होतो.

इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आम्ही मूळचे सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, आटपाडीच्या बाजूचे. आईचं लहानपण मेंढरांमागे चालण्यात गेलं. आमचं दैवत खंडोबा. देवघरात त्याचा कोटंबा असतो, म्हणजे लाकडाचं लहानसं चौकोनी भांडं. चंपाषष्ठीच्या सकाळी घरातल्या एकाने तो हातात घेऊन पाच घरी ‘वारी खंडोबाची’ असं म्हणत पीठ मागायचं, आणि त्याच पिठाची भाकरी वांग्याच्या भरितासोबत देवाला दाखवायची. घरात धान्याची पोती असली तरी मागायचंच. आईचे पाय चालत होते तोवर ती जायची. तीन वर्षांपूर्वी तिने कोटंबा माझ्या हाती दिला.

आणि मी काय केलं? पहिल्याच वर्षी जिन्यात उभा राहिलो, समोरच्या दाराची घंटा बघितली आणि परत फिरलो. इमारतीतले लोक शिकलेले, नोकरीवाले, ते काय म्हणतील! आईला कळू न देता स्वयंपाकघरात आलो. शोभाने नाक मुरडत डब्यातलं ज्वारीचं पीठ कोटंब्यात घातलं. थोडा वेळ गच्चीवर जाऊन बसलो आणि आईला सांगितलं, पाच घरं झाली. पुढची दोन वर्षंही असंच केलं. देवाच्या नावाने मागायची वेळ आली तेव्हा मी देवालाच फसवलं.

या वर्षी चंपाषष्ठीच्या सकाळी आई भिंतीला टेकून बसली होती. नाकाला नळी होती. म्हणाली, “कोटंबा काढ रं. उनं चढायच्या आत जाऊन ये.”

मी देवघरासमोर बसलो. तीन महिन्यांनी बसलो होतो. कोटंबा उचलला तर कापडाच्या घडीतून तो अर्जाचा कागद डोकावत होता. मी तो आत सारला आणि नेहमीसारखा स्वयंपाकघरात गेलो. शोभाने डब्याचं झाकण उघडून दाखवलं. तळाला दोन-तीन भाकरींपुरतं पीठ होतं.

“ह्ये आईंच्या रातच्या जेवणाला ठेवलंय,” ती हळू आवाजात म्हणाली. “आवं, औंदा तरी खरं जावा.”

मी गेलो. श्रद्धेने गेलो असं म्हणणं खोटं होईल. दुसरा इलाज नव्हता म्हणून गेलो. पहिल्या दाराशी ‘वारी खंडोबाची’ हे शब्द घशातून इतके बारीक निघाले की आतल्या काकूंनी मला गॅसवाला समजून पावती मागितली. मग कोटंबा दिसताच त्या धावत आत गेल्या, डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि पीठ घालून माझ्या पाया पडल्या. मी मागायला आलो होतो आणि देणारी माझ्या पाया पडत होती. मी त्यांच्या कपाळाला भंडारा लावला. दुसऱ्या घरी बाजरीचं मिळालं, तिसऱ्या घरी गव्हाचं, चौथ्या घरी पुन्हा ज्वारीचं. कोणीही हसलं नाही. एकाने तर विचारलं, इतकी वर्षं का आला नाहीत?

पाचवं घर तळमजल्यावरचं. तिथे एक नवं जोडपं राहायला आलं होतं, माझी ओळख नव्हती. दार एका साठीच्या गृहस्थांनी उघडलं. ते मुलीकडे सांगलीहून आले होते. आदल्या दिवशीच परत जाणार होते, पण नातवाला ताप आला म्हणून थांबले होते. त्यांनी मुलीला हाक मारली. ती पीठ आणेपर्यंत सहज विचारलं, “पावनं, कामाला कुठं असता?”

तीन महिने या प्रश्नाला मी खोटं उत्तर देत होतो. पण हातात कोटंबा होता, भंडाऱ्याने बोटं पिवळी झाली होती, आणि खोटं काही तोंडातून निघेना. म्हणालो, “कुठे नाही. कारखाना बंद झाला.”

“मग विम्याचा अर्ज घातला न्हवं?”

“नाही. असं मागायला जायला जीव होत नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कोटंब्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसले. “आन ह्ये हातात काय हाय मग?”

डोळे भरून आले, तेही अनोळखी माणसाच्या दारात. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. मग सांगू लागले, “आमची बी कंपनी अशीच बंद पडली हुती. कुणापुढं हात पसरायचा न्हाई म्हणून मी लय ताठ्यात बसलो. अर्जाची मुदत निघून गेली आन बायकोच्या पाटल्या मोडल्या. आवं, पगारातनं दर म्हैन्याला कापत हुते की! तुमचंच हाय त्ये. आन मालकाची सही न्हाई म्हणून आडत न्हाई आता, मी मागनं समदी चौकशी केली. उद्या कागद घिऊन या, मी हाय हितं.”

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. आधी वीज कार्यालयात गेलो. मी खिडकीबाहेर रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा आतल्या बाईंना सगळं सांगितलं, आईचं मशीन, नोकरी, थकलेलं बिल. बाईंनी साधा अर्ज लिहून घेतला, साहेबांची सही आणली आणि बिलाचे हप्ते पाडून दिले. वीज तुटणार नव्हती. ज्या गोष्टीसाठी मी तीन महिने जीव जाळला ती तासाभरात झाली. मग विम्याचा अर्ज भरला. आधार, पासबुक, प्रतिज्ञापत्र, एकेक कागद त्यांनी स्वतःच्या हाताने लावून दिला. त्याच्या दुसऱ्या दिवशी नातवाचा ताप उतरला आणि ते सांगलीला निघून गेले.

दीड महिन्याने पैसे खात्यावर आले. फार नव्हते, पण घर चाललं, आणि पुढे मला साताऱ्यातच एका गोदामात काम मिळालं. नारळ आणि भंडारा घेऊन मी सांगलीला त्यांच्या घरी गेलो. नमस्कार करू लागलो तर मागे सरले. “मी काय केलं? पीठ तर लेकीनं घातलं,” एवढंच म्हणाले. तो ताप, ते थांबणं, पाचवं दार त्यांचंच असणं, याचा अर्थ मी लावत बसत नाही. मला जे मिळालं ते मिळालं.

घरी आल्यावर मात्र राहवलं नाही. आईजवळ बसून सगळं कबूल केलं, आधी नोकरीचं, मग कोटंब्याचं. देवाला तीन वर्षं घरचंच पीठ दाखवलं असं सांगताना मान खाली गेली.

आईने नळी जरा बाजूला केली. “नोकरीचं मला कवाच कळलं हुतं. आन पिठाचं तर पयल्याच वर्सी. पाच घरची भाकरी कधी एका रंगाची असती व्हय? तुझी तिन्ही वर्सं पांढरीधोट.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्या कशाला बोलू? म्हटलं, देवाला ठावं हाय. पोराला मागाय कवा लावायचं, त्ये त्यो बगंल.” मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “औंदाची भाकरी चितरीबितरी हुती. मी दोन खाल्ल्या.”

मशीन शेजारी चालू होतं. मी उठलो, हातपाय धुतले आणि देवघरासमोर जाऊन बसलो. मागण्यासारखं बरंच होतं आणि आता लाजही वाटत नव्हती, पण त्या संध्याकाळी मी काहीच मागितलं नाही. कोटंबा पुसून, रिकामाच, देवापुढे ठेवला.