चोरीच्या गाडीची पूजा

चोरीला गेलेली गाडी सापडावी आणि तिच्या बंपरवर ताजे कुंकू असावे, असे माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच घडले. ती केस मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही, कारण तिच्यात चोरापेक्षा जास्त चूक माझी होती.

आधी माझ्याविषयी थोडे सांगतो. मी सात वर्षांचा असताना आमचे कुटुंब जर्मनीतल्या एर्लांगेनला आले. वडील तिथल्या विजेच्या मोठ्या कंपनीत होते. आई रोज एक पान मराठी शुद्धलेखन करून घ्यायची, त्यामुळे हे लिहिता येते आहे. मी पोलिसात जाणार म्हटल्यावर तिने दोन दिवस अबोला धरला. पुढे मी जवळच्याच एका ठाण्यात गुन्हे तपासाला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. या हकिकतीत नावे कुणाचीच देत नाही. गाडीचेही नाही, कारण त्या मॉडेलच्या गाड्या आमच्या भागात दोनच आहेत आणि लोक लगेच ओळखतील.

फिर्यादी सत्तरी ओलांडलेला जर्मन गृहस्थ होता, निवृत्त इंजिनिअर. हेर्त्सोगेनआउराखच्या अलीकडच्या एका गावात राहायचा. बायको साताऱ्याची. लग्न होऊन चाळीस वर्षे झालेली, मुलगा ड्युसेलडॉर्फला. चोरीला गेलेली गाडी साठच्या दशकातली अमेरिकन होती. आठ सिलिंडर, लांबलचक बॉनेट, दोनच दारे आणि गल्लीच्या टोकाला असतानाच खिडक्यांच्या काचा थरथरतील असा आवाज.

अशी गाडी बाळगणे हे पूर्णवेळ काम आहे, हे मला त्या तपासात कळले. पाने इंचाच्या मापाचे लागतात, आपले मिलिमीटरचे चालत नाहीत. सुटे भाग बोटीने येतात. पेट्रोलही बघून भरावे लागते, नाहीतर रबरी नळ्या सडतात. नंबरप्लेट फक्त एप्रिल ते ऑक्टोबरपुरती, एरवी गाडी रस्त्यावर आणायची नाही. हिवाळ्यात गाडी झोपवायची तर टाकी काठोकाठ भरायची, बॅटरी सोडवायची, हँडब्रेक मोकळा ठेवायचा आणि टायरखाली फळ्या घालायच्या. या गृहस्थाला तर गाडीखाली तेलाचे दोन थेंब दिसले नाहीत की आतले तेलच संपले की काय, अशी काळजी वाटायची.

गाडी गेली ती सप्टेंबरातल्या एका बुधवारी सकाळी दहा वाजता. तो फिजिओथेरपीला गेला होता आणि बायको, तिच्या सांगण्याप्रमाणे, बसने बाजारात. गॅरेजचे कुलूप फोडलेले नव्हते. शेजाऱ्याने जबाब दिला की गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, म्हणून मालकच निघाला असे त्याला वाटले. हा मुद्दा महत्त्वाचा होता. थंड पडलेले ते इंजिन सुरू करायचे तर पॅडल दोनदा दाबायचे, पाच आकडे मोजायचे आणि मग किल्ली फिरवायची. नाहीतर पेट्रोल जास्त होऊन ते रुसून बसते. ही खोड कुणाकुणाला ठाऊक, असे मी विचारले. फिर्यादीने दोनच नावे सांगितली, स्वतःचे आणि एका मराठी मुलीचे.

बायकोलाही विचारले. ती जर्मनमध्ये म्हणाली, "मला त्या गाडीतलं काय कळतंय? मी नुसती शेजारी बसते." मी ते वाक्य जबाबात लिहून घेतले आणि तिथेच विसरलो.

मुलगी कोल्हापूरची. वडिलांचे ट्रॅक्टर आणि जीप दुरुस्तीचे गॅरेज, त्यामुळे हात लहानपणापासून ग्रीसमध्ये. एर्लांगेनला वैद्यकीय उपकरणांवर पीएचडी करत होती, प्रबंध सादर झालेला, तोंडी परीक्षा नोव्हेंबरात. दोन वर्षे दर शनिवारी सायकलवरून येऊन ती या म्हाताऱ्याबरोबर कार्ब्युरेटर उघडून बसायची. गॅरेजची आणि गाडीची दुसरी किल्ली तिच्याकडे होती. चोरीच्या दोन आठवडे आधी दोघांचे कडाक्याचे भांडण झाले होते, तेही शेजाऱ्याने ऐकले होते.

तिला चौकशीला बोलावले. इथे मी जे केले ते सांगायला अजूनही जड जाते. ठाण्यात मी एकटा मराठी. सहकारी चांगले होते, पण आपल्यातली आहे म्हणून यांनी सोडली, असे कुणी म्हणू नये याची मला धास्ती होती. मी तिच्याशी मराठीत एक अक्षर बोललो नाही. नियमाप्रमाणे न्युर्नबर्गहून दुभाषी बोलावला. तो गृहस्थ माझ्याकडे बघत माझे जर्मन प्रश्न मराठीत सांगायचा, आणि ती माझ्या टेबलावरच्या नावाच्या पाटीकडे बघत उत्तर द्यायची.

"बुधवारी सकाळी कुठे होतात?"

"घरी. प्रेझेंटेशन करत होते. एकटीच होते, आल्झो, म्हणजे साक्षीदार नाही कुणी."

"भांडण कशावरून झालं?"

"ते मी नाही सांगू शकत."

"का?"

"शब्द दिलाय."

"कुणाला?"

तिने नुसती मान हलवली. मी तासभर तेच प्रश्न उलटसुलट विचारले. संशयित गप्प बसला की त्याच्याकडे लपवण्यासारखे आहे असे आम्ही धरून चालतो. तिच्याकडे खरेच लपवण्यासारखे होते. फक्त ते तिचे स्वतःचे नव्हते, एवढे मला सुचले नाही. जाताना ती दारात थांबली आणि मराठीत म्हणाली, "सर, माझा व्हिसा डिसेंबरमध्ये संपतोय. केस चालू राहिली तर माझं सगळंच संपेल." दुभाषी कागद आवरत होता. मी जर्मनमध्ये म्हणालो, पुढची सूचना मिळेल.

तीन आठवडे काही हाती लागले नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका शेतकऱ्याचा फोन आला. शेजारणीच्या बंद कोठारात ताडपत्रीखाली एक जुनी अमेरिकन गाडी आहे, काल कुणीतरी येऊन गेले असावे, दार नीट लागलेले नव्हते, आणि गाडीवर रक्त आहे. कोठाराची मालकीण मुलाकडे कॅनडात गेलेली, फोन उचलत नव्हती.

मी तरुण सहकाऱ्याला घेऊन पोहोचलो. त्याने हातमोजे चढवले, चिमट्याने ती लाल पूड पिशवीत घेतली आणि गंभीर चेहऱ्याने मला म्हणाला, "कसला तरी विधी दिसतोय." मला हसू आवरेना. बंपरवर हळदीकुंकवाची बोटे होती, आरशाला झेंडूची माळ, बॉनेटवर पांढरा हातरुमाल आणि त्याच्यावर फुले. दसऱ्याला आपण वाहनाची पूजा करतो, नेमकी तीच.

पण हसू टिकले नाही. सहकारी म्हणाला, "म्हणजे चोर भारतीय. आपली मुलगीच." त्याचे बरोबर होते. त्यात तिचे शुक्रवारचे विमान होते, दिवाळीसाठी कोल्हापूरला. त्याने तिथूनच सरकारी वकिलांना फोन लावला. पळून जाण्याचा धोका आहे, अटक वॉरंट दुपारपर्यंत निघेल, असे ठरले. अटक झाली असती तर परीक्षा गेली असती, व्हिसा गेला असता, आणि कोल्हापूरच्या घरी काय पोहोचले असते ते मी सांगायला नको.

पंचनामा होईपर्यंत मी गाडीभोवती फिरत राहिलो. टायरखाली फळ्या. हँडब्रेक मोकळा. बॅटरी सोडवलेली. टाकी भरलेली. हा चोर गाडी विकायला निघालेला नव्हता, त्याने तिला अंगाई म्हणून झोपवले होते. कुंकू रंगावर नव्हते, क्रोमच्या बंपरवर होते. फुले रुमालावर ठेवली होती, म्हणजे रंगाला डाग पडू नये याची काळजी घेतली होती. गळणाऱ्या तेलासाठी इंजिनखाली एक पत्रा होता. वाकून पाहिले तर तो ओव्हनमधला केक भाजायचा जुना ट्रे निघाला. गॅरेजमध्ये वाढलेली मुलगी पुठ्ठा घालेल किंवा तेलाची परात आणेल. स्वयंपाकघरातला ट्रे कशाला आणेल?

मग रुमालावरची फुले बाजूला केली आणि खाली दोन पाने दिसली. मधोमध चिरलेली, दोन पाळ्यांची, कडांना पिवळी पडू लागलेली. गिंको.

इथे आपट्याचे झाड नाही. साताठ मराठी कुटुंबे या भागात होती तेव्हा बायकांनी शोधून काढले की गिंकोचे पान आपट्यासारखे दिसते आणि शरदात सोन्यासारखे पिवळेही होते. माझी आई बागेतून ती पाने वेचून आणायची आणि आम्ही एकमेकांना सोने म्हणून द्यायचो. पण ही त्या पिढीची गोष्ट. आता आलेली मुले असे करतात का?

मी बाहेर येऊन त्या मुलीला फोन लावला. पहिल्यांदाच मराठीत बोललो.

"दसऱ्याला सोनं म्हणून काय देता तुम्ही मुलं?"

"सोनेरी कागदाची पानं कापतो, सर. असोसिएशनच्या कार्यक्रमात. का?"

"गिंकोची नाही?"

"गिंको? ते काय असतं?"

मी सहकाऱ्याला म्हटले, वॉरंट थांबव, दोन तास दे. तो कुरकुरला, पण त्याने दिले.

फिर्यादीच्या घराच्या फाटकाशी गिंकोचे झाड होते. तीनदा त्याच्याखालून मी गेलो होतो आणि तीनदा वर पाहिले नव्हते. दार बायकोने उघडले. मी मराठीत म्हणालो, "ताई, गाडी सापडली. तुमचा केकचा ट्रेही सापडला."

ती दारातच खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "तुमचं आडनाव कार्डावर वाचलं तेव्हाच मी घाबरले होते."

"का हलवली गाडी?"

"ते गाडी चालवता चालवता हरवतात हो. पाच-सहा सेकंद. डोळे उघडे असतात, पण माणूस तिथे नसतो. उन्हाळ्यात दोनदा झालं. डॉक्टरांनी चालवू नका सांगितलं, पण हे ऐकतात का? मुलाला सांगितलं तर घटस्फोट घेईन म्हणाले, या वयात! मग मीच घेऊन गेले. मैत्रिणीनं कॅनडाला जाताना कोठाराची किल्ली ठेवली होती माझ्याकडे. वाटलं, एक हिवाळा जाऊ दे, रागावतील, मग विसरतील."

"आणि ती मुलगी?"

"तिचं काय?"

तिला माहीतच नव्हते. नवऱ्याने घरात सांगितले नव्हते की त्याने कुणाचे नाव घेतले आहे. मी सांगितले तशी ती ताडकन उठली. "माझ्या पोरीला? तिला अटक करताय? मला न्या. आत्ता न्या. चप्पल घालते."

तिने केलेली चूक एकच होती. वर्षानुवर्षे दसऱ्याला त्या गाडीची पूजा तिनेच केली होती. गाडी लपवली, पण यंदा ती पूजेविना राहिली हे तिला सहन झाले नाही. पिशवीत कुंकू आणि फुले घेऊन ती बसने आठ किलोमीटर गेली.

आवाज ऐकून नवरा बाहेर आला. मी जर्मनमध्ये सगळे सांगितले, तसा तो भिंतीला टेकला. मला वाटले आता ओरडेल. त्याने बायकोकडे पाहून विचारले, "हँडब्रेक मोकळा ठेवलास?"

"ठेवला."

"टाकी?"

"भरली. अहो, सगळं केलं. चाळीस वर्षं शेजारी बसून काय झोपत होते का मी?"

तो तोंडावर हात घेऊन रडायला लागला. मग त्याने भांडणाचेही सांगितले. मुलीने त्याला सिग्नलवर तसाच हरवलेला पाहिले होते आणि किल्ली द्या म्हणाली होती. त्याने तिला हाकलले, आणि वर कुणाला सांगणार नाही असा शब्दही घेतला. मग संशय आला तेव्हा त्याला तीच आठवली. "मला तिचा राग होता," तो म्हणाला, "कारण ती खरं बोलली."

अटकेची मागणी मागे घेतल्याचा फोन सहकाऱ्याने केला तेव्हा मी त्या गिंकोखाली उभा होतो. इतका मोकळा श्वास मी त्या वर्षात घेतला नव्हता. पुढे तपास बंद झाला. चोरीचा हेतूच नव्हता, आणि आमच्या कायद्यात घरच्याच माणसाने वस्तू नेली तर फिर्यादीच्या मागणीशिवाय खटला होत नाही. फिर्यादी मागणी करण्याच्या मनःस्थितीत नव्हता. ताईंनी पन्नास-साठ फूट रिव्हर्स घेऊन गाडी कोठारातून बाहेर काढली आणि घरी आणली, तोही शेजारी बसून आला. वाटेत दोनदा गिअर चुकल्याची तक्रार त्याने माझ्याकडे केली.

मुलीला तपास बंद झाल्याचे पत्र गेले. जर्मनमध्ये, सहा ओळींचे, खाली माझी सही. माफीसाठी त्या नमुन्यात जागा नसते आणि मी ती करूनही घेतली नाही.

या केसने मला काय शिकवले, असे कुणी विचारले तर मी एवढेच सांगतो. आपल्या माणसाला झुकते माप देऊ नये हे मला पक्के ठाऊक होते. पण तसा आरोप होऊ नये म्हणून मी तिला हक्काच्या मापापेक्षाही कमी दिले, आणि त्यालाच नि:पक्षपातीपणा समजलो. तिच्याशी पहिल्याच दिवशी पाच मिनिटे मराठीत बोललो असतो तरी तिने शब्द मोडला नसता, हे मान्य. पण ती घाबरलेली आहे की खोटे बोलते आहे, हे मला नक्की ओळखू आले असते. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक संशयितासमोर बसताना स्वतःला आधी विचारायचो की आज मी कुणाला घाबरलो आहे.

पुढच्या दसऱ्याला ठाण्यात निरोप आला की कुणी भेटायला आले आहे. खाली रस्त्यावर ती गाडी घरघरत उभी होती. स्टिअरिंगवर ताई, शेजारी नवरा. पायऱ्यांवर ती मुलगी, आता डॉक्टर, नव्या नोकरीचे ओळखपत्र गळ्यात. तिने मुठीतून गिंकोचे पान काढून माझ्यासमोर धरले.

"सोनं घ्या, सर," ती म्हणाली. "दुभाषी आणलेला नाही, चालेल ना?"

मी पान घेतले. आणि त्या सहा ओळींत जे लिहिले नव्हते, ते तिथेच पायरीवर उभे राहून तिला मराठीत सांगितले.