सगळ्यांची दगूबाई

नवापूरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत शमुवेलचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. डोंगरातल्या वाडीतून तो तरुणपणी उतरून आला आणि कुणी न शिकवता कळफलकावर बोटं बसवून घेतली. त्याला एक खोड आहे. जे टाईप करतो ते तो वाचतो. कुणाचा वारसदाखला असो की लग्नाची पत्रिका, हात चालत राहतात आणि मन त्या घरात जाऊन बसतं. बायको म्हणते, "लोकांची कामं करता की लोकांच्या घरात डोकावता?"

पण बारावीच्या पर्यावरणाचा प्रकल्प त्याने कधी वाचला नव्हता, कारण तो कधी टाईपच करावा लागला नव्हता. संगणकात एक फाईल होती, कधीतरी कुणी पेनड्राइव्हवरून टाकलेली. पोरं येत. हा वरचं नाव आणि हजेरी क्रमांक बदले, छापे आणि स्पायरल करून देई. त्याची मुलगी प्रिस्किला हिनेही यंदा तीच फाईल स्वतः छापून घेतली आणि जमा केली.

आठवडाभराने ती दुकानात येऊन उभी राहिली.

"काय गं, तोंड का उतरलंय?"

"हेमकांत सरांनी वर्गात विचारलं, ही दगूबाई कोण? कुणालाच सांगता आलं नाही."

"कोण दगूबाई?"

"सगळ्यांचीच आजी आहे ती, बाबा."

शमुवेलने फाईल उघडली. शेवटच्या पानावर आभार होते: ‘ही माहिती मला माझी आजी, कळसाडीची दगूबाई, हिने सांगितली.’ डोंगरातली पोरं, आडनावं वेगळी, घरची बोली वेगळी, आणि आजी मात्र सगळ्यांची एकच, तापीकाठची! सरांनी सगळ्यांचे प्रकल्प परत केले होते. सोमवारी स्वतःचा आणायचा, सोबत पालकांना आणायचं. नाही आणला तर श्रेणी नाही, आणि श्रेणी नाही तर बारावीचा निकाल अडकणार.

"मग लिही ना दुसरा."

"लिहिते. पण बाबा, ती खरंच असेल का हो?"

आता शमुवेललाही चैन पडेना. शनिवारी दुकानाचं शटर ओढून बापलेक एसटीत बसले. नंदुरबार गेलं, प्रकाशा गावाच्या पुलाखाली तापी संथ पसरलेली दिसली, मग शहादा, आणि तिथून रिक्षाने उसाच्या हिरव्या भिंतींमधून कळसाडी.

दगूबाई खरंच होती. ओट्यावर बसून ती कापसातला काडीकचरा निवडत होती. शमुवेलने येण्याचं कारण सांगितलं तेव्हा तिने चष्मा वर सरकवला.

"इतला पोरं मन्हा नाव लिखतस? काय लिखतस, वाच बरं."

शमुवेल वाचू लागला, "‘थंडी पडली की भाताची बोंडं फुटतात आणि सगळं शेत पांढरंशुभ्र दिसतं, असे आजी सांगते.’"

"कोन सांगस?"

"तुम्ही, आजी."

म्हातारी इतकी हसली की मांडीवरचा कापूस अंगणात उडाला. "अरे भाऊ, भात मी ताटमा देखेल शे! त्याले बोंडं कव्हय लागनात?"

शमुवेलने पुन्हा पान पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं. मूळ प्रकल्प कापसाचा. आपल्या डोंगरात भात पिकतो म्हणून कुण्या पोराने दुकानातल्या संगणकावर बसून कापसाच्या जागी सगळीकडे भात बसवला होता. बोंडं तेवढी राहून गेली होती. त्यानंतर किती पोरांनी ती जमा केली आणि कितींवर सह्या झाल्या, देव जाणे.

दगूबाईचं हसू थांबलं. "हाई सगळं मन्हा नाववर? लोके म्हनतीन, दगू येडी व्हयनी."

मग ती नातीबद्दल, मूळ प्रकल्प लिहिणाऱ्या रूपालीबद्दल, बोलू लागली. रूपालीचे वडील तेव्हा नोकरीनिमित्त नवापूरला होते. सुटीत पोर कळसाडीला येई. "मन्हासंगे कापूस येचे. येचता येचता इचारे, हाई काबर, ते काबर. मन्हा जीव खाई टाके." मग ती प्रिस्किलाकडे वळली. "तू कोनले इचारं व माय?"

प्रिस्किलाला अहिराणी बोलता येत नव्हती. समजत मात्र होती. तिने बाबांच्या हातातली पानं घेऊन पिशवीत घातली.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. प्रकाशाचा पूल मागे पडल्यावर म्हणाली, "बाबा, हिरीआजी भात झोडताना पहिल्या पेंढीचे दाणे वेगळ्या टोपलीत का ठेवते?"

हिरीआजी म्हणजे शमुवेलची आई; तो त्याच खळ्यावर लहानाचा मोठा झाला होता. "ठेवते खरी," तो म्हणाला. "मी कधी विचारलं नाही."

रविवारी प्रार्थना आटोपून दोघं वाडीवर गेले. प्रिस्किला आजीमागे दिवसभर फिरली. आजी करवादली, "ही पोर आहे की पोलीस?"

सोमवारी शमुवेल हेमकांत सरांसमोर बसला होता. दुकानाबद्दल सर काय बोलतील, याचा त्याला घोर लागला होता. सरांनी प्रिस्किलाने हाताने लिहिलेली पानं उलटली. आभारात दोन नावं होती. हिरीबाईने भाताची माहिती दिली. दगूबाईने भाताला बोंडं येत नाहीत हे सांगितलं. सरांच्या मिशीखाली हसू हललं.

"यांना खरंच भेटलीस?"

"हो सर. चष्मा कपाळावर ठेवून बोलतात."

सर पुढे वाचू लागले आणि एका ओळीवर अडकले. "हे अर्धवट आहे. ‘पहिल्या पेंढीचे दाणे वेगळे ठेवतात. का, ते आजीला माहीत नाही. तिची सासू ठेवायची म्हणून ती ठेवते.’ उत्तर कुठे आहे?"

"सापडलं नाही, सर. म्हणून लिहिलं नाही."

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि ती ओळ पुन्हा वाचली.

"माझी आईही असंच काहीतरी ठेवायची," ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी सही केली. "सापडलं तर मलाही सांग."