निळ्यांना दार दिसेना

खिजर शिकलगारच्या आज्यानं तलवारींना धार लावली, बापानं विळ्या-कातऱ्यांना, आणि खिजरनं शिवाजी पेठेतल्या त्याच गाळ्यात सहा संगणक मांडून पोरांच्या हातात बंदुका दिल्या. शस्त्रांचा धंदा तीन पिढ्यांत घरातून काही हलला नाही, असं तो स्वतःच हसून सांगायचा.

सहाही संगणक तारेनं एकमेकांना जोडलेले होते. त्यामुळे एका टेबलावरचं पोरगं दुसऱ्या टेबलावरच्या पोराला गोळी घालू शकायचं, आणि मेलेलं पोरगं उठून मारणाऱ्याच्या टाळक्यात टपली हाणू शकायचं. हे गेम पार्लर चांगलं चालायचं. पण खिजरचा जीव त्यात नव्हता. त्याचा जीव लिहिण्यात होता.

कॉलेजात असल्यापासून तो एका सायंदैनिकात तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांची वार्तापत्रं लिहायचा. कोल्हापुरात हे काम विस्तवावरून चालण्यासारखं. हरलेल्या तालमीला आपण दैवानं हरलो असं वाटलं पाहिजे आणि जिंकलेल्या तालमीला दैवाचा संबंध नव्हता असं वाटलं पाहिजे, आणि ही दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात बसवावी लागतात. खिजर ती बसवायचा. लोक मात्र त्याच्या लेखात निकाल आणि आपल्या भाच्याचं नाव एवढंच शोधायचे. निकाल आधीच ठाऊक असायचा. म्हणजे उरलं भाच्याचं नाव.

म्हणून २००३ साली संपादकांनी शनिवारच्या पुरवणीत संगणकावरच्या खेळांचं सदर काढायचं ठरवलं तेव्हा खिजरनं ते झडप घालून घेतलं. या खेळांना तालमी नव्हत्या, भाचे नव्हते. जे वाटेल ते खरं लिहिता येईल, असं त्याला वाटलं.

त्याच सुमारास 'रस्टमून' नावाचा खेळ आला. गंज चढलेल्या एका चंद्रावर एकटा शिपाई उतरतो. त्याचं चिलखत लाल. खेळणाऱ्याला सगळं त्याच्याच डोळ्यांनी दिसतं. स्वतःचं म्हणून काय ते फक्त बंदुकीवरचे दोन हात. समोर शत्रूची फौज, ती निळ्या चिलखतातली. पुण्याहून येणाऱ्या संगणकावरच्या एका मासिकानं त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळ म्हटलं. इंटरनेटवर परदेशातल्या समीक्षकांनी दहापैकी नऊ गुण दिले होते, एकानं तर दहाच्या दहा. आजवर असं काही झालं नव्हतं असं सगळ्यांनी लिहिलं होतं, आणि सगळ्यांनी ते जवळजवळ सारख्याच शब्दांत लिहिलं होतं.

खिजर सकाळी गाळा उघडायच्या आधी शटर अर्धं ओढून तो खेळ खेळायचा. सुरुवातीला तोही हरखला. त्या चंद्राच्या आभाळात दोन सूर्य होते, एक मावळला की दुसरा तांबूस होत जायचा. पण पुढं बोळच बोळ लागले, एकासारखा एक. निळे शिपाई तर अजब होते. शेजारी दार सताड उघडं असायचं आणि ते भिंतीला छाती लावून जागच्या जागी पळत राहायचे.

त्याला खटकलं ते मात्र वेगळंच. त्या लाल शिपायाला कानातल्या यंत्रातून हुकूम यायचे: पुढं जा, उडव, परत फिर. पण सबंध खेळात त्याला कुणी नावानं हाक मारली नाही. शिवाजी पेठेत माणूस या टोकाहून त्या टोकाला गेला तर निदान चार हाका येतात, त्यातल्या दोन शिव्या असल्या तरी. इथं एवढं आभाळ, एवढी लढाई, आणि हाक नाही. हे कुठल्याच समीक्षकानं कसं लिहिलं नाही, याचं खिजरला नवल वाटलं.

त्यानं लिहिलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. दहापैकी चार गुण दिले. शेवटचं वाक्य असं होतं: 'एवढी वाट तो एकटा चालून गेला, पण त्याला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं.' आयुष्यात पहिल्यांदाच आपण काही प्रामाणिक लिहिलंय, असं त्याला वाटलं. कुणीतरी एकानं ते शेवटपर्यंत वाचावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्यानं कुणाला बोलून दाखवली नाही. पेठेत असल्या इच्छा बोलून दाखवायची सोय नसते.

संपादकांनी लेख जसाच्या तसा छापला. मथळा तेवढा स्वतःचा दिला: 'निळ्यांना दार दिसेना'.

आता झालं होतं असं, की आदल्याच रविवारी हौद तालीम आणि चिंचबाग तालीम यांचा सामना झाला होता. हौदचा पोशाख निळा, चिंचबागचा लाल. शेवटच्या क्षणी गोलकीपर बाजूला पडलेला असताना हौदच्या फॉरवर्डनं चेंडू रिकाम्या गोलऐवजी जाहिरातीच्या फलकावर मारला होता आणि हौद हरली होती. पेठेत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.

आणि पेठेत प्रत्येक तालमीचा चौकात एक फळा असतो. वाढदिवस, रक्तदान, निवड, निधन, सगळं त्यावर खडूनं लिहिलं जातं, आणि सामना जिंकला की विरुद्ध तालमीला चिमटाही. चिंचबागचा फळा पृथ्वीराजकडे होता. त्याचं अक्षर असं, की लोक मजकुराआधी अक्षराला दाद द्यायचे. रविवारी सकाळी फळ्यावर तीन रंगांत खिजरचं वाक्य झळकलं: 'शेजारी दार सताड उघडं असलं तरी हे निळे भिंतीलाच धडकत राहतात.' आणि खाली: 'ज्येष्ठ समीक्षक खिजर शिकलगार'. ज्येष्ठ समीक्षक तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते.

खिजर फळ्यासमोर उभा राहिला तेव्हा आधी त्याला आनंदच झाला, हे खोटं कशाला बोला. आपलं वाक्य, आपलं नाव, रंगीत खडूत. मग ओल्या खडूसारखं ते हळूहळू उमटलं: फळ्यावरचे निळे चंद्रावरचे नव्हते.

दुपारपर्यंत हौदच्या पोरांनी पार्लरकडे पाठ फिरवली. चिंचबागची पोरं येऊन त्याच्या गळ्यात हार घालून गेली. त्यातल्या कुणी लेख वाचला का, असं त्यानं चाचपून पाहिलं. वाचायचं काय, फळ्यावर हाय की, असं उत्तर मिळालं. त्यानं संपादकांना फोन केला. ते खुशीत होते. पेठेतले सगळे अंक संपले होते. पुढच्या शनिवारी निळ्यांची बाजू घेऊन लिही, म्हणाले, म्हणजे चिंचबाग चिडेल, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी त्यावर लिही.

सोमवारी बाळासो मामा आले. बाळासो इंगवले हे हौद तालमीचे कारभारी. त्यांची लाकडाची वखार होती. तरुणपणी ते तालमीचे गोलकीपर होते आणि गुडघ्यांत अजून तेव्हाची मैदानं दुखत होती. ते स्टुलावर टेकले, पंख्याकडे पाहिलं, मग खिजरकडे.

"तू लिवलंयस न्हवं?"

"व्हय मामा. पण ते गेममधल्या निळ्यांबद्दल हाय. तालमीबद्दल न्हाय."

"पेठेत निळं म्हणजे दुसरं कोण रं?"

हे तर बरोबर होतं. बाळासो मामांनी आवाज चढवला नाही. येत्या शनिवारी पेपरात लिहायचं की निळ्यांच्या तोडीचं मैदानात कुणी नाही. नाहीतर हौदचं पोरगं या गाळ्याची पायरी चढणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. हे शब्द खिजरनं यापूर्वी वार्तापत्रांत किती वेळा लिहिले असतील याला गणती नव्हती. हाताला वळण होतं. आणि तेच आता नको होतं. हे एक वाक्य मागं घेतलं तर तो पुन्हा भाच्यांची नावं लिहिणारा खिजर होणार होता.

"न्हाय लिवनार, मामा," तो म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजाचं त्यालाच भय वाटलं. "मी लिवलंय ते खरं हाय. तुमीच बघा की."

त्यानं संगणक सुरू केला. बाळासो मामांनी चष्मा लावला आणि गोलकीपर उभा राहतो तसे गुडघ्यांवर हात टेकून वाकले. खिजरनं लाल शिपायाला बोळातून नेलं, निळ्यांसमोर उभं केलं आणि बंदूक खाली धरली. दार उघडंच होतं. निळे भिंतीला लागून पळत होते.

मामांनी मान आणखी पुढं काढली. मग अगदी हळू, आपल्याच पोरांना सांगावं तसं म्हणाले, "आरं, डावीकडं. डावीकडं की रं." निळ्यांनी ऐकलं नाही.

"ह्यास्नी कोच न्हाय काय?"

"असंच बनवल्यात, मामा."

"बिनडोक हाईत," मामा शेवटी म्हणाले. "तुझं खरं हाय. पण निळीच का केली? तिकडं अमेरिकेतबी चिंचबागचा कोणतरी बसलेला दिसतोय."

जगातल्या एवढ्या समीक्षकांविरुद्ध खिजरला अखेर एक साक्षीदार मिळाला होता, आणि तो हे सांगत होता. मामा उठले. उंबऱ्यापाशी गुडघा सरळ होईतोवर थांबले.

"त्यो शेवटचा भाग लिवलायस," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "हाक मारनारं कोण न्हाय, त्यो. त्यो मी दोनदा वाचला."

खिजरनं हातातला माउस सोडला.

"गोलात हुबारलं की तसंच असतंय. समदी तिकडं पळत्यात, वरडत्यात. गोलकीपरला कोण हाक मारतंय? चुकला की मगच." त्यांनी पायताण चढवलं. "पेपरात काय लिवू नगंस मग. पण फळ्यावरचं त्येवढं गेलं पायजे. ते तू बघ."

दुसऱ्या तालमीच्या फळ्याला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं ताट ओढणं. खिजर पृथ्वीराजकडे गेला. पृथ्वीराज सभ्य माणूस. पुसायला हरकत नाही म्हणाला, पण फळा मोकळा राहता कामा नये. मोकळा फळा दिसला की हौदवाले म्हणणार, चिंचबागचा खडू संपला किंवा दम संपला. त्याच लेखातलं दुसरं काहीतरी दे.

"लेखात दुसरं काय हाय ते आम्ही वाचलंच न्हाय की," तो म्हणाला.

खिजरनं त्याला शेवटचं वाक्य सांगितलं. पृथ्वीराजनं ते ओठांतल्या ओठांत घोळवून पाहिलं. यात निळं कुणी नाही ना, एवढी खात्री करून घेतली. मग खिजरनं ओलं फडकं घेतलं आणि गावानं वाचलेलं आपलं एकमेव वाक्य स्वतःच्या हातानं पुसून टाकलं.

पृथ्वीराजनं नवं वाक्य लिहायला घेतलं, आणि वाक्याचा सूर तसा असल्यामुळे असेल किंवा हाताच्या सवयीनं असेल, रंगीत खडू बाजूला ठेवून त्यानं पांढरा उचलला. भोवती साधी चौकट ओढली. अशी चौकट पेठेत एकाच कारणासाठी ओढतात, हे दोघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

सकाळी खिजर गाळा उघडायला आला तेव्हा फळ्यासमोर पाच-सहा माणसं गप्प उभी होती. एकानं सायकलवरून उतरून डोक्यावरची टोपी काढली होती. 'एवढी वाट तो एकटा चालून गेला, पण त्याला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं.' कोण गेलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. नाव नव्हतं, म्हणून प्रत्येक जण आपापल्या परीनं कुणाला तरी आठवत होता. हौदची दोन पोरंही त्यात होती. ती वाक्य शेवटपर्यंत वाचून खिजरच्या मागोमाग पार्लरमध्ये आली आणि संगणकासमोर बसली. पार्लरमधल्या लढाईत निळं व्हायला मात्र त्या दिवसापासून पेठेत कुणी तयार होईना.

फळ्याच्या कडेला चिमणाबाई फुलं घेऊन बसायची. तिला वाचता येत नव्हतं. फळ्यावरचं तिला कुणीतरी वाचून दाखवायचं, आणि ते तिच्या टोपलीतल्या मालासारखं दिवसभर ताजं राहायचं. तिनं झेंडूची एक माळ फळ्याच्या खिळ्याला अडकवली होती. खिजरला पाहून तिनं बोलावलं.

"तूच लिवायला सांगितलंस म्हनं. कुणाचा रं पोरगा?"

तो चंद्र, ती फौज, दोन सूर्य, दहापैकी नऊ गुण, हे सगळं खिजरच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

"लांबचा व्हता, मावशी."

"असू दे." तिनं वाकडी झालेली माळ सरळ केली. "नाव काय व्हतं त्याचं?"

खिजर गाळ्यात परतला. सीडीचं वेष्टन काढून त्यानं दारातल्या उजेडात धरलं आणि मागचा बारीक मजकूर पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. शिपायाचं चिलखत कशाचं, बंदुका किती, त्या चंद्राचं वय काय, सगळं दिलं होतं.