सुई उतरेना

माझी थोरली बहीण मुरगूडला पाण्याच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देते. आम्ही तिला आक्का म्हणतो. भावजी गेल्यावरही तिनं दुकान बंद केलं नाही. तांब्याच्या तारा जोडायला गॅस लागतो आणि सिलिंडर वेळेवर मिळत नाही, म्हणून तिनं व्हिडिओ बघून पाण्यापासून हायड्रोजन काढायचं यंत्र घरीच केलं. डब्यात स्टीलच्या पट्ट्या, सोड्याचं पाणी, आणि वीज द्यायला ट्रॅक्टरची बॅटरी. निघालेला गॅस आधी एका बाटलीत जमायचा, मग नळीतून ज्योतीकडे जायचा.

ज्योत छान निघायची. पण पाणी तापलं की करंट वाढायचा, आणि करंट वाढला की पाणी आणखी तापायचं. तो आवरायला तिनं कंट्रोलर बसवला. तो जळला, मग दुसरा आणला.

त्या रविवारी मी कोल्हापुरातून तिच्याकडे गेले होते. करंट दाखवणारी सुई चढत होती. आक्कानं कंट्रोलरचं बटन मागं फिरवलं. सुई उतरेना.

"पार शून्यावर आणलंय की," ती म्हणाली. "ह्यो आतनंच चिकटलाय वाटतं."

डबा गदगदा उकळत होता, वायरीचा जळका वास सुटला होता. काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

"आक्का, तू बाहेर चल."

"तू हो लांब. वायर काढल्याबिगर थांबायचं न्हाय ते."

तिनं बॅटरीचा चिमटा ओढला. ठिणगी उडाली आणि गॅसची बाटली फुटली. मी दारात उभी होते, तिथंच उभी राहिले. आक्का स्वतःच उठून सोड्याच्या पाण्यानं भाजलेली मान नळाखाली धुऊ लागली. मी काहीतरी विचारत होते. ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत होती.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या कानाचा पडदा फाटलाय. भरून येईल, नाहीतर नाही. वाट बघायची. आम्ही वाट बघितली. त्या कानानं पुन्हा ऐकू आलंच नाही.

आता तिनं नवा डबा केलाय. करंट हद्दीत राहावा म्हणून मधे गाडीच्या हेडलाइटचे दिवे जोडलेत. परवा ती त्याच्यापुढं बसली होती, डावी बाजू माझ्याकडे.

"आक्का, बास कर की आता," मी म्हणाले.

तिनं मान वळवली नाही. ऐकू आलं नसेल, किंवा आलंही असेल. दुसऱ्यांदा म्हणायचं माझ्याच्यानं झालं नाही.